टोपणपत्ते

कोल्हापूरच्या पेठांत माणसाला निदान तीन नावं असतात. एक आधार कार्डावरचं, एक घरातलं आणि एक तालमीत नाहीतर कट्ट्यावर पडलेलं. तिसरं कुणी ठेवत नाही, ते चिकटतं. मंगळवार पेठेतला ‘बाळ्या’ उद्यमनगरच्या कारखान्यात ‘पाटीलसाहेब’ असतो आणि आत्तीच्या गावी ‘धाकलं’. या नावांचा एक उपयोग सहसा कुणी बोलून दाखवत नाही. मागून हाक आली की वळून बघायच्या आधीच कळतं, हाक मारणारा कुठला आहे. आणि बँकेतून बोलतोय म्हणणारा फोनवर ‘बाळ्या’ म्हणाला, तर तो बँकेतला नाही एवढंही कळतं.

ईमेलचं मात्र एकच नाव घेऊन आपण गावभर फिरतो. महाद्वार रोडच्या कापड दुकानात, राजारामपुरीतल्या क्लासच्या फॉर्मवर, लॅबच्या रिपोर्टला, वीजबिलाला, प्राप्तिकराला, रेल्वेच्या तिकिटाला तोच पत्ता. पासवर्ड वेगवेगळे ठेवावेत हे आता बहुतेकांच्या कानावरून गेलेलं आहे. पण लॉगिनचे भाग दोन, आणि त्यातला पहिला आपणच प्रसादासारखा वाटून टाकलेला असतो. एका दुकानाची यादी फुटली की तो पत्ता घेऊन कुणीही बाकीच्या पन्नास दारांवर थाप मारू शकतो. संगणक सुरक्षेचे जाणकार ट्रॉय हंट यांनी २०१३ साली सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पॉन्ड’ या साइटवर आपला जुना पत्ता टाकून बघावा. किती याद्यांतून तो बाहेर गेलाय ते तिथं तारखेसकट दिसतं.

उपाय पेठेतलाच आहे. ज्याला त्याला वेगळं नाव सांगायचं. संगणकवाले याला एलियस म्हणतात, आपण टोपणपत्ता म्हणू. ही नवी मेलपेटी नसते. मेल त्या पत्त्यावर येते आणि तिथून मुकाट्याने आपल्या खऱ्या पेटीत ढकलली जाते. दुकानाला खरा पत्ता कधी दिसत नाही, आणि उद्या त्या पत्त्यावर कचरा यायला लागला तर तेवढं एक दार बंद करता येतं. बाकीची घरं शाबूत.

सगळ्यात फुकटची युक्ती जीमेलमध्येच आहे: नावापुढे अधिकचं चिन्ह आणि एक शब्द. अमुक+वीज@जीमेल.कॉम असा पत्ता दिला तरी मेल अमुकच्याच पेटीत पडते. सुरुवात म्हणून ठीक, पण हिच्यावर फार भिस्त ठेवू नये. अधिकचं चिन्ह आणि त्यापुढचं उडवलं की खरा पत्ता उघडा पडतो, आणि याद्या विकणाऱ्याला ते एका ओळीच्या आज्ञेनं जमतं. दुसरी भानगड जास्त चिडवणारी आहे. वेबच्या लिंकमध्ये अधिकच्या चिन्हाचा अर्थ कित्येकदा ‘मोकळी जागा’ असा लावला जातो. त्यामुळे नाव नोंदवताना पत्ता चालतो, पण जाहिराती बंद करायची लिंक दाबली की ‘असा ग्राहक नाही’ असं उत्तर येतं. म्हणजे जायला वाट आहे, यायला नाही.

जीमेलबद्दल आणखी एक, खास आपल्या जिल्ह्यासाठी. जीमेल नावातले टिंब मोजत नाही. स.पाटील आणि सपाटील ही एकच पेटी. पाटलांची इतकी दाट वस्ती असलेल्या मुलखात याचा परिणाम असा होतो, की दुसऱ्या कुठल्यातरी पाटलाने स्वतःचा पत्ता चुकीचा सांगितलेला असतो आणि त्याच्या विम्याची पावती आपल्याकडे येत राहते. अशा मेलमधून त्याचा पासवर्ड बदलायचा मोह होतो. तो करू नये. पाठवणाऱ्याला ‘पत्ता चुकलाय’ एवढं कळवून मोकळं व्हावं.

खरा टोपणपत्ता हवा तर तो देणाऱ्या सेवा आहेत. २०२२ पासून प्रोटॉन या कंपनीकडे असलेलं सिंपललॉगिन, पूर्वी ॲननॲडी नाव असलेलं ॲडी, मोझिलाचं फायरफॉक्स रिले, डकडकगोचं ईमेल प्रोटेक्शन. आयफोनवाल्यांना हाइड माय ईमेल, पण त्यासाठी आयक्लाउडची पैसे भरून घेतलेली योजना लागते. रिले फुकटात ५ पत्ते देतं. डकडकगो हवे तितके देतं, पण दिलेल्या पत्त्यांची यादी स्वतःकडे ठेवून आपल्याला दाखवत नाही. कुठला पत्ता कुणाला दिला हे आपण लिहून ठेवलं नाही, तर ते कुठंच नसतं.

आणि विषयाचं खरं मर्म इथंच आहे. टोपणनावं लक्षात ठेवायला गल्ली असते, चार माणसं असतात. टोपणपत्ते ऐंशी झाले की ते कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. म्हणून टोपणपत्ता आणि पासवर्ड मॅनेजर ही जोडी आहे. नुसता पहिला घेतला तर महिन्याभरात आपण आपल्याच खात्यांबाहेर उभे असतो.

पासवर्ड मॅनेजर म्हणजे कुलूपबंद वही. बिटवॉर्डनची फुकट आवृत्ती एका माणसाला पुरते. नोंदींना आणि उपकरणांना मर्यादा नाही. ज्यांना वही दुसऱ्याच्या सर्व्हरवर नको त्यांनी कीपास किंवा कीपासएक्ससी घ्यावं. तिथं सगळी वही एका फाइलमध्ये असते आणि ती फाइल फोनपासून लॅपटॉपपर्यंत नेण्याची जबाबदारी आपली. ती नेताना एकाच दिवशी दोन ठिकाणी बदल झाले की दोन फाइली तयार होतात आणि कुठली खरी हा तंटा सुरू होतो. घरातल्या सगळ्यांना वापरायची असेल तर बिटवॉर्डन बरं, असं आमचं मत. त्यातल्या जनरेटरमध्ये, म्हणजे पासवर्ड बनवून देणाऱ्या खिडकीत, ‘फॉरवर्डेड ईमेल एलियस’ असा पर्याय आहे. तिथं आपली सेवा निवडायची, तिच्या खात्यातून काढलेली एपीआय की (बिटवॉर्डनला त्या सेवेत काम करू देणारी लांबलचक सांकेतिक किल्ली) चिकटवायची, की त्यानंतर नवा टोपणपत्ता आणि नवा पासवर्ड एकाच खिडकीत तयार होतात.

या वहीची किल्ली म्हणजे मास्टर पासवर्ड, आणि तिथं कोल्हापुरी अभिमान आड येतो. ‘नादखुळा’पुढे जन्मसाल, किंवा ‘जगातभारी’पुढे गाडीचा नंबर. हे अंदाज करणाऱ्याच्या यादीत पहिल्या पानावर असतात. म्हणी, अभंगाच्या ओळी, शिवजयंतीच्या घोषणा यांचंही तेच. शब्द आपण निवडायचेच नाहीत, फाशाला निवडू द्यायचे. सापशिडीच्या डब्यातला फासा पाच वेळा टाकला की पाच आकडे मिळतात. डाइसवेअर पद्धतीच्या यादीत ७७७६ शब्द असतात, म्हणजे सहाचा पाचवा घात. त्या पाच आकड्यांसमोरचा शब्द तो आपला. असे सहा शब्द घेतले की सुमारे ७७ बिटांची ताकद येते, म्हणजे दोनचा ७७वा घात इतक्या शक्यता, आणि तरी ते आठवड्याभरात बोटांत बसतात. यादी इंग्रजी शब्दांची असते, असू दे.

देवनागरीत मास्टर पासवर्ड ठेवायची हौस मात्र टाळावी. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र एक कीबोर्ड नुक्त्याच्या ऱ ने लिहितो, तर दुसरा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. कुलपाला ते दोन वेगळे शब्द. फोन बदलला, कीबोर्ड बदलला आणि बरोबर पासवर्ड चुकीचा ठरला, असं होऊ शकतं. मास्टर पासवर्ड विसरल्यावर बिटवॉर्डनवाले तो परत मिळवून देऊ शकत नाहीत, कारण तो त्यांच्याकडे नसतोच.

जुनं सामान हलवताना ब्राउझरमधले साठलेले पासवर्ड सीएसव्ही फाइलमध्ये काढून नव्या वहीत भरता येतात. ही फाइल उघडी असते, वाण्याच्या यादीसारखी वाचता येते. आयात झाली की लगेच ती पुसायची, डाउनलोड्समधून आणि मग कचरापेटीतूनही. स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवायची नाही. त्यानंतर ब्राउझरची पासवर्ड जपायची सवय सेटिंगमधून बंद करायची, नाहीतर दोन वह्या समांतर चालतात आणि दोन्ही अर्धवट राहतात.

मग एकेका खात्याचा पत्ता बदलायचा. एका बैठकीत सगळी खाती हातात घेऊ नयेत. पाच-सहा झाली की थांबावं, कारण चुका कंटाळ्यातून होतात. क्रम महत्त्वाचा. आधी वहीत नोंद करून जतन करायची, मग साइटवर बदल पाठवायचा. उलटं केलं आणि मध्येच पान पुन्हा लोड झालं तर नवा पासवर्ड हवेत जातो. तसं झालंच तर बिटवॉर्डनच्या जनरेटरच्या हिस्टरीत तो बहुधा सापडतो, पण त्याच उपकरणावर. पत्ता बदलल्यावर साइट दोन्ही पत्त्यांवर खातरजमेची मेल पाठवते. ती लिंक दाबून होईपर्यंत जुना पत्ता मोडायचा नाही.

बदल झाला की लगेच बाहेर पडून पुन्हा आत शिरायचं. ही पायरी गाळली जाते आणि तीच सर्वात जास्त नडते. काही साइट वीस अक्षरी पासवर्ड घेतात, पण गुपचूप पहिली पंधराच साठवतात. बदलताना कौतुकाने हिरवी खूण दाखवतात, आणि दुसऱ्या दिवशी तोच पासवर्ड चूक. पुन्हा आत शिरून बघितलं असतं तर तेव्हाच समजलं असतं. मग लांबी कमी करायची, विशेष चिन्हं काढायची आणि त्या मर्यादेची नोंद वहीत लिहायची, म्हणजे पुढच्या वेळी डोकं आपटायला नको. जिथं चिकटवूच देत नाहीत तिथं, आणि टीव्हीच्या रिमोटवर टाइप करायचं असेल तिथं, चिन्हांच्या भेळेपेक्षा लहान लिपीतले चार शब्द बरे.

नोंदीत काय लिहावं? नाव, टोपणपत्ता आणि पासवर्ड तर असतोच. त्याखाली दिलेला मोबाईल नंबर, सांगितलेली जन्मतारीख आणि ‘तुमच्या पहिल्या शाळेचं नाव’ छापाच्या प्रश्नांची उत्तरंही हवीत. ही उत्तरं खरी द्यायची सक्ती कुणी केलेली नाही. पहिली शाळा कुठली हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक असतं; तिथं जनरेटरमधून निघालेला भलताच शब्द टाकावा आणि वहीत ठेवावा.

आता काउंटरचा प्रश्न. “ईमेल सांगा की, ताई,” असं बिलावरचा पोरगा म्हणतो तेव्हा सतरा अक्षरांचा यदृच्छ पत्ता तोंडी सांगणं अशक्य. मागे रांग असते, पंखा घरघरत असतो, आणि त्याच्या टाइपिंगवर आपला भरवसा नसतो. यासाठी तीन-चार सोपे टोपणपत्ते आधीच तयार करून ठेवावेत, एकेक शब्दाचे, उच्चारताच लिहिता येतील असे. दिला की बाहेर येऊन फोनवर वहीत नोंद: कुठल्या दुकानाला, कधी. असा पत्ता एकदा दिला की तो त्या दुकानाचा झाला, पुढच्याला दुसरा. स्वतःचं डोमेन, म्हणजे @ पुढचं नावच आपलं घेतलेलं, असेल तर पत्ता जागेवरच रचता येतो, पण ‘चप्पल@’ किंवा ‘बँक@’ असले उघड शब्द घेऊ नयेत. एक बघितला की बाकीचे ओळखता येतात. शब्दामागे दोन आकडे जोडावेत.

डोमेनवाल्यांना एक जादा धोका आहे. मुदत संपून डोमेन सुटलं आणि दुसऱ्याने घेतलं, तर त्यावरच्या सगळ्या पत्त्यांची मेल त्याच्याकडे जाते, आणि पासवर्ड बदलायच्या लिंकाही. नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय करावी, पैसे काही वर्षांचे एकदम भरावेत. आणि डोमेन जिथून घेतलं तिथल्या खात्याला त्याच डोमेनवरचा पत्ता देऊ नये.

टोपणपत्त्यावर आलेल्या मेलला उत्तर देताना लोक फसतात. मेल खऱ्या पेटीत आलेली असते, घाईत नवी मेल लिहून पाठवली जाते आणि खरा पत्ता गेला. वर ग्राहक सेवेकडून उत्तर येतं की नोंदणीकृत पत्त्यावरूनच लिहा. सिंपललॉगिन आणि ॲडी यासाठी एक उलटा पत्ता बनवून देतात. त्यावर लिहिलं की समोरच्याला टोपणपत्त्यावरून आल्यासारखं दिसतं. पहिल्या काही दिवसांत अशा ढकललेल्या मेल स्पॅममध्येही जातात. पाठवणारा एक आणि आणून देणारा सर्व्हर दुसराच, हे पेटीला संशयास्पद वाटतं. ढकलणाऱ्या सेवेच्या नावाने ‘स्पॅममध्ये टाकू नको’ असा एक फिल्टर लावला की प्रश्न मिटतो.

पत्त्यावर कचरा यायला लागला तर आधी तो बंद करावा, पुसू नये. बंद केलेला पुन्हा चालू करता येतो. पुसलेला परत मिळेलच असं नाही, आणि नेमकं त्याच पत्त्यावर कुठलं तरी खातं अडकलेलं असतं. आणि कचरा आला म्हणून दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी जरा दमानं घ्यावं. पत्ता त्या दारातून बाहेर पडला एवढंच आपल्याला समजतं. दुकानाने विकला, बिलिंगच्या सॉफ्टवेअरवाल्याकडून गेला की मेल पाठवणाऱ्या एजन्सीकडून फुटला, हे समजत नाही.

सगळीकडे टोपणपत्ता द्यावा का? नाही. बँक, प्राप्तिकर, भविष्य निर्वाह निधी, डिजीलॉकर, पासपोर्ट, विमा यांना एक वेगळी, खरी पेटी द्यावी आणि ती दुसऱ्या कुणालाही सांगू नये. इथं मध्ये ढकलणारा असला तर साखळीत तुटण्याजोगा आणखी एक दुवा येतो. कर खात्याची नोटीस स्पॅममध्ये पडून राहणं परवडत नाही. पण टोपणपत्त्याचा शहाणपणा इथंही लागू पडतो. ‘आज रात्री वीज तोडणार’ असली मेल वीज कंपनीला कधीच न दिलेल्या पत्त्यावर आली, तर ती वाचायचीसुद्धा गरज नाही. बँकवाला ‘बाळ्या’ म्हणाला, विषय संपला.

पासवर्ड मॅनेजरचं असंच एक मुकं शहाणपण आहे. नोंदीतला साइटचा पत्ता आणि समोरचं पान जुळलं नाही तर तो पासवर्ड भरत नाही. पान हुबेहूब बँकेसारखं दिसत असलं तरी. अशा वेळी चिडून कॉपी करून चिकटवणारे लोक राखणदाराला बाजूला सारून चोराला दार उघडतात. अलीकडे मात्र खरं कारणही घडलं आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट ‘.बँक.इन’ या शेपटाच्या पत्त्यावर हलवायच्या होत्या. जुनी नोंद तिथं आपोआप भरत नाही. मेलमधल्या लिंकवरून न जाता नवा पत्ता स्वतः टाइप करून खात्री करावी आणि त्याच नोंदीत दुसरा पत्ता म्हणून जोडावा.

या सगळ्या बंदोबस्तातली फट म्हणजे मोबाईल नंबर. पत्ते ऐंशी केले तरी नंबर एकच, आणि ज्याच्याकडे नंबर आहे तो ऐंशी पत्ते एका दोरीत ओवू शकतो. त्यावर पूर्ण उतारा नाही. बिलासाठी नंबर देण्याची सक्ती दुकानांनी करू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये कळवलेलं आहे, तेव्हा “नंबर नको, नुसतं बिल द्या” म्हणायला लाजू नये. जुना नंबर सोडताना वहीत त्या नंबराचा शोध घ्यावा आणि निघतील त्या सगळ्या खात्यांत बदलावा. सोडलेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो.

उरली किल्ल्यांची साखळी. वहीचं खातं ज्या पत्त्यावर, त्या पेटीचा पासवर्ड फक्त वहीत. पासवर्डनंतर दुसरी खातरजमा म्हणून पेटी मागते तो सहा आकडी कोड दाखवणारं ॲप फोनवर. आणि फोन रंकाळ्यात पडला. आता पेटी उघडायला वही हवी आणि वही उघडायला पेटी. हे घरात किल्ली ठेवून ओढून घेतलेल्या लॅचसारखं आहे. म्हणून वहीच्या खात्याला टोपणपत्ता द्यायचा नाही. वहीचा मास्टर पासवर्ड, मुख्य पेटीचा पासवर्ड, टोपणपत्त्याच्या सेवेचा पासवर्ड आणि तिन्हींचे रिकव्हरी कोड (सहा आकडी कोड मिळेनासा झाला तर आत शिरायचे राखीव कोड) एका कागदावर उतरवायचे. पेटीचा आणि वहीचा सहा आकडी कोड वहीबाहेरच्या वेगळ्या ॲपमध्ये ठेवावा. किरकोळ खात्यांचे आत असले तरी चालतात. हा कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि घड्याळावर चालतो, त्यामुळे फोनची वेळ हाताने लावलेली असेल तर बरोबर कोडही नाकारला जातो.

कागदाच्या दोन प्रती, दोन घरांत. दुसरं घर निवडताना पंचगंगेचा विचार करावा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, आणि २०१९ व २०२१ ला पाणी त्याच्याही बरंच वर गेलेलं. दोन्ही प्रती शाहूपुरीच्या तळमजल्यांवर असतील तर ती एकच प्रत समजावी. जेल पेनची शाई पाण्यात पसरते. बॉलपेन किंवा पेन्सिल टिकते. कागदावर बँकेचं नाव, ‘पासवर्ड’ असलं काही लिहू नये, पण तो कागद कशाचा आहे हे घरातल्या एका माणसाला तोंडी सांगून ठेवावं. वहिनीला सांगितलेलं जास्त नीट राहतं, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

वहीची प्रतही वर्षातून दोनदा काढावी. बिटवॉर्डनमध्ये कुलूपबंद एक्स्पोर्टचे दोन प्रकार आहेत. ‘अकाउंट रिस्ट्रिक्टेड’ प्रत फक्त त्याच खात्यात परत भरता येते. खातंच गेलं तर ती रद्दी. ‘पासवर्ड प्रोटेक्टेड’ निवडावी, तिला वेगळा पासवर्ड द्यावा, तो कागदावर लिहावा आणि फाइल पेनड्राइव्हवर ठेवावी. तारखा लक्षात राहायला अंबाबाईचा किरणोत्सव सोयीचा: ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. ढगांमुळे किरणं वाटेतच अडली, तरी एक्स्पोर्टचं काम त्या संध्याकाळी दहा मिनिटांत उरकतं.